मोखाड्याचं पाणी सूर्यमाळला

समोर आले की गुरुजी आधी अंगठ्याने उजवी नाकपुडी दाबायचे आणि डावीतून लांब श्वास घ्यायचे. मग डावी दाबून उजवीतून. दोन्हीकडून हवा नीट गेली की समाधानाने मान हलवायचे आणि समोरच्याला विचारायचे, "काय भाऊसाहेब, दोन्ही चालू?"

नमस्कार, चहा, कामाचं बोलणं, सगळं त्यानंतर. आमच्या पंचायत समितीच्या भर कार्यालयात ते हे करायचे. शाळेतल्या पोरांनाही रोज प्रार्थना झाली की तसंच करायला लावायचे. शेंबडी पोरं एका ओळीत उभी राहून नाकपुड्या दाबतायत, हे तुम्ही पाहिलं असतं तर हसला असता. मीही हसायचो, पण माझं हसणं खरं नव्हतं. त्या दिवसांत माझी एकही चालू नव्हती.

मी त्या कार्यालयात कारकून. आमच्याकडे कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात. तेव्हा मोखाडा, जव्हार अजून ठाणे जिल्ह्यात होतं, लोडशेडिंग जोरात होतं आणि मोबाइल फक्त साहेबांकडे असायचा. गुरुजी जवळच्याच एका पाड्यावरच्या शाळेत होते. मूळचे सूर्यमाळचे, वर डोंगरावरचे. आठवडाभर मोखाड्यात खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी शाळा सुटली की मोटारसायकल काढून घरी जायचे. अंगाने जाड, मान आखूड, आवाज मात्र बारीक. शाळेत पुस्तकातलं मराठी बोलायचे, पण मनापासून बोलायला लागले की घरची बोली मध्ये शिरायची.

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय माझा जळफळाट तुम्हाला कळायचा नाही.

माझी मुलगी मनीषा अकरावीत होती. कॉलेज जव्हारला, सकाळचं. मी तिला स्कूटरवरून सोडायचो आणि कार्यालयाच्या वेळेपर्यंत परत यायचो. घोरण्यासाठी मी प्रसिद्ध होतोच, पण दिवसाही डुलक्या यायला लागल्या होत्या. टपाल लिहिताना पेनाची रेघ कागदाबाहेर जायची. एका सकाळी घाटाच्या उतारावर माझा डोळा लागला. किती वेळ? एक क्षण. स्कूटर रस्ता सोडून गवतात गेली. मला खरचटलंसुद्धा नाही. मनीषाच्या हनुवटीला चार टाके पडले.

ती रडली नाही, ओरडली नाही. टाके निघाल्यावर एवढंच म्हणाली, "बाबा, मी जीपनेच जाते." जीप माणसं भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे तिचा पहिला तास रोज बुडायला लागला. तरी ती माझ्या मागे बसेना. बायकोने स्कूटरची किल्ली नागलीच्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं. पोरगी आपल्याला भिते, हे बापाने रोज सकाळी जीपच्या मागच्या दारातून लोंबणाऱ्या तिच्या दप्तराकडे बघून समजून घ्यायचं, याहून वाईट काय असतं मला माहीत नाही.

म्हणून नाशिकला छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितलं, झोपेत घसा मिटतो, श्वास अडकतो, म्हणून झोप पुरी होत नाही. उपाय म्हणजे एक मशीन. त्यातून नळी निघते, नळीला मास्क, मास्क नाकावर बांधायचा आणि हवेच्या जोरावर घसा उघडा ठेवून झोपायचं. हे ऐकून मी बाहेरच्या बाकड्यावर येऊन बसलो, तर शेजारी कोण? गुरुजी. त्यांचंही तेच. घोरण्यासाठी डॉक्टर गाठला याची आम्हा दोघांनाही लाज वाटली. एकाच आठवड्यात, एकाच विक्रेत्याकडून, एकसारखी दोन मशीन घेऊन आम्ही मोखाड्याला आलो.

बायको म्हणाली, "आठ दिवस सलग हे लावून सकाळपर्यंत झोपून दाखवा. मग किल्ली."

आठ दिवस सोडा, मला आठ तास जमेना. मास्क लावला की तासा-दोन तासांत तोंड उघडायचं आणि नाकातून आत गेलेला वारा तोंडातून बाहेर. जीभ टाळूला चिकटायची, बाजारात वाळत घातलेल्या बोंबलासारखी. मग नाक चोंदायचं. नाक चोंदलं की जीव घाबरायचा आणि मी मास्क ओढून फेकून द्यायचो. सकाळी मी तसाच पारोसा चेहरा घेऊन उठायचो आणि बायको नागलीचा डबा वरच्या फळीवर सरकवायची.

उपाय काय कमी केले? नाकात साजूक तूप घातलं, तर मास्क गालावर घसरून शिट्टी वाजवायला लागला. तो घसरू नये म्हणून पट्टे करकचून आवळले, तर नाकावर वळ उठला आणि कार्यालयात सगळे विचारायला लागले की वहिनींनी काय फेकून मारलं. बाम चोळून मास्क लावला त्या रात्री तर डोळ्यांतून एवढं पाणी आलं की बायकोला वाटलं मी रडतोय. झोपताना तांब्याभर पाणी प्यायलो आणि पाच वेळा उठलो. मशीनबरोबर पाण्याचं एक भांडं आलं होतं, हवा ओलसर करायचं. विक्रेत्याचा माणूस म्हणाला होता, "वाटलं तर लावा." मला वाटलं नाही. विजेच्या वस्तूत पाणी ओतायचं आणि तिला नाक लावून झोपायचं, हे माझ्या बुद्धीला पटेना. ते भांडं खोक्यातच राहिलं.

आणि दर गुरुवारी गुरुजी कार्यालयात हजर. ताजेतवाने. दाढी गुळगुळीत. अंगठा नाकावर. "काय भाऊसाहेब, दोन्ही चालू?"

"एकदम उत्तम," मी म्हणायचो. "पहिल्या रात्रीपासून. आडवा झालो की थेट सकाळ."

का खोटं बोललो? अहो, मी भाऊसाहेब. त्यांची बिलं मी तपासायचो, त्यांच्या माहितीच्या तक्त्यांतल्या चुका मी काढायचो. डोंगरावरच्या पाड्यातून आलेल्या माणसाला झोपावं कसं ते कळतं आणि मला कळत नाही, हे तोंडाने कबूल करायचं? तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याचं बरं चाललेलं बघून आपल्याला आपलं वाईट चाललेलं दुप्पट दिसतं. माझ्यासाठी तो माणूस म्हणजे गुरुजी. मला त्यांच्या पगाराचा हेवा नव्हता, लोक त्यांना मान देत त्याचाही नव्हता. मला त्यांच्या झोपेचा हेवा वाटायचा. बायको त्यात तेल ओतायची. "गुरुजींना बघा. त्यांनाही तेच मशीन आहे ना?"

एका दुपारी तर कहर झाला. जव्हारहून येणारी जीप बंद पडली. गुरुजी प्रशिक्षणाला जव्हारला गेले होते. मी दारात उभा, तर त्यांची मोटारसायकल आली आणि मागून मनीषा उतरली. चौथीपर्यंत ती त्यांच्याकडे शिकलेली. तरीही. तोच आजार, तेच मशीन, तोच घाट. त्यांच्या मागे बसली आणि बापाच्या मागे बसत नाही. "थँक्यू गुरुजी," म्हणून हसत घरात गेली. मी गुरुजींना चहा विचारला नाही. आजही तो चहा माझ्या घशाशी येतो.

त्या दिवसापासून मी त्यांच्यावर पाळतच ठेवली म्हणा. आणि मला एक गोष्ट सापडली. सोमवारी सकाळी गुरुजी सूर्यमाळहून परतायचे तेव्हा त्यांच्या हातात दोन लिटरचा एक पांढरा कॅन असायचा. तो ते फार जपून खोलीत न्यायचे, बाहेरून लख्ख पुसलेला, झाकण घट्ट. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाणी. वर डोंगरात कुठलातरी झरा असणार. जुन्या झाडाच्या मुळातून येणारा, औषधी वगैरे. ते पाणी हा माणूस आणतो, मशीनला पाजतो आणि आम्हाला विचारतो दोन्ही चालू का.

मे महिन्यातल्या पहिल्याच रविवारी, शाळेला सुट्टी लागायच्या आधी, मी बायकोला कामाचं खोटं कारण सांगितलं, पिशवीत रिकामी बाटली टाकली आणि जीपने सूर्यमाळ गाठलं. शेवटचं अंतर चालत. ऊन असं की पायाखालची माती फुटल्यासारखी दिसत होती. वाटेत एक विहीर लागली. भोवती बाया आणि हंडे बसलेले. एक पोरगी तळाला उतरून वाटीने पाणी हंड्यात भरत होती. हंडा भरला की ओढून घ्यायचा आणि पुढचीने आपला सोडायचा. कुणी भांडत नव्हतं, बोलतही नव्हतं. मी एकीला गुरुजींचं घर विचारलं, झरा विचारण्याचं काही धाडस झालं नाही.

गुरुजी घरी नव्हते, कुणाच्यातरी अर्जाचं काम करायला खालच्या पाड्यावर गेले होते. ओट्यावर त्यांची आई होती. वाळकी, उंच म्हातारी. डोक्यावरचा हंडा नुकताच उतरवला होता, केस ओले होते. मी ओळख सांगितली. तिने मला आपादमस्तक बघितलं आणि तिची नजर पिशवीतून डोकावणाऱ्या बाटलीवर गेली.

"उन्हाचा आलास बाबा," ती म्हणाली. "बस."

तिने आधी मला तांब्या दिला. मग माझ्या पिशवीतली बाटली स्वतःच काढली, हंड्यातून काठोकाठ भरली आणि बूच लावून परत ठेवली. "वाटंत लागंल," म्हणाली. चोरायला आलो होतो ते तिने हाताने भरून दिलं होतं. फक्त तो झरा नव्हता, तो तिचा अर्धा दिवस होता.

गुरुजी आले. मला बघून आधी अंगठा नाकाकडे गेला, मग माझा चेहरा बघून खाली आला. मी विचारून टाकलं, "गुरुजी, तो कॅन. तुम्ही इथलं पाणी मशीनला घालता ना?"

ते हसले नाहीत. "इथलं? इथलं कसं घालू, भाऊसाहेब? आई दोन वेळा खाली उतरते. तिच्या हंड्यातलं माझ्या नाकाला घालू?" मग कोनाड्याकडे बोट दाखवलं. तिथे कॅन होता, वर स्वच्छ फडकं. "मोखाड्याचा हाय तो. शनिवारी उकळतो, गार करतो, मशीनबरोबर भरून वर आणतो. सोमवारी रिकामा खाली नेतो."

म्हणजे सोमवारी मी बघायचो तो कॅन रिकामा होता. पाणी डोंगरावरून खाली येत नव्हतं, खालून डोंगरावर जात होतं. आत त्यांच्या पोरांचा गलका चालला होता.

मग त्यांनी आतून एक वही आणली. शंभर पानी, शाळेतली, वर 'नाक' असं लिहिलेलं. म्हणाले, "तुम्हाला हसायला होईल. तुमचं पहिल्या रात्रीपासून जमलं, मला दोन महिने लागले." मी वही उघडली. सुवाच्य शिक्षकी अक्षर. सोमवार, तोंड कोरडं, नाक बंद, तीन वेळा उठलो. मंगळवार, तोंड कोरडं. बुधवार, लाइट गेली. आणि त्याच पानाच्या खाली, रेघ मारून: 'भाऊसाहेबांना पहिल्याच रात्री जमलं. आपल्याला काहाला जमत नाही?'

हे वाक्य मी दोनदा वाचलं. दोन महिने हा माणूस माझ्या झोपेवर जळत होता. माझ्याकडे नसलेल्या झोपेवर.

"गुरुजी," मी म्हणालो, "मी खोटं बोललो. मला एक रात्रही जमलेलं नाही." आणि मग घाट, टाके, जीप, नागलीचा डबा, सगळं बाहेर आलं. ते ऐकत राहिले. त्यांना राग यायला हवा होता. बोलून झाल्यावर ते म्हणाले, "मग तुमच्या खोट्याचा मला फायदा झाला. तुम्हाला जमतं म्हणून मी नेट धरला. नायतर मशीन कवाच माळ्यावर गेलं असतं."

त्या दुपारी त्यांनी मला पहिलीतल्या पोरासारखं शिकवलं. त्यांची पद्धत एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि सकाळी लिहायची. "दोन बदलल्या तर गणित कुठं चुकलं कसं कळंल?" आधी नाक. उकळून कोमट केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ, दोन्ही नाकपुड्या धुवायच्या, मगच मास्क. तूप नाही, बाम नाही. मग ते पाण्याचं भांडं, जे माझ्याकडे खोक्यात निजलं होतं. एसटीडी बूथवरून नाशिकच्या डॉक्टरांना त्यांनी स्वतः विचारून घेतलं होतं. डिस्टिल्ड वॉटर असलं तर उत्तम, नसलं तर उकळून गार केलेलं चालेल, पण रोज नवं, आणि भांडं रोज धुवून वाळवायचं. नळीत पाणी साचून गुळगुळ आवाज यायला लागला तर नळीला जुन्या स्वेटरची बाही घालायची, म्हणजे ती गार पडत नाही. मशीनच्या मागची जाळी आठवड्याला धुवायची. "तुमची बघा, चुलीच्या धुराने काळी झाली असंल." झाली होती. पट्टे आवळायचे नाहीत, मास्क आधी हवेने फुगू द्यायचा आणि मग टेकवायचा.

शेवटी जबडा. त्यांनी खुंटीवरून एक पट्टी काढली. शाळेच्या जुन्या खाकी चड्डीचं कापड, दुहेरी शिवलेलं, वर दोन बटणं. हनुवटीखालून घेऊन डोक्यावर लावायची, म्हणजे झोपेत तोंड उघडत नाही. स्वतः लावून दाखवली. गालगुंड झालेल्या पोरासारखे दिसत होते. म्हातारी ओट्यावरून बघून तोंडाला पदर लावून हसली, आणि पहिल्यांदाच मीही गुरुजींना बघून मोकळा हसलो.

निघताना त्यांनी तीच पट्टी माझ्या पिशवीत घातली, बाटलीशेजारी. "मी दुसरी शिवतो."

मला लगेच जमलं असं नाही. मीही एक वही घातली, पहिले चार दिवस तिच्यात तेच, तोंड कोरडं. पाचव्या सकाळी जीभ जिभेसारखी होती. सलग आठ रात्री व्हायला तीन आठवडे लागले. नवव्या सकाळी बायकोने डबा खाली काढला, कोपरापर्यंत हात घातला आणि किल्ली काढून माझ्या पुढ्यात ठेवली. तिच्या बोटांना नागली चिकटली होती.

मनीषाला मात्र कॉलेज उघडल्यावर आणखी महिना लागला. मी तिला बस म्हणायचो नाही, फक्त जीपच्या थांब्याशी स्कूटर उभी करायचो. एका सकाळी जीप गच्च भरली होती. ती माझ्याकडे आली, माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि विचारलं, "बाबा, दोन्ही चालू?"

मी रस्त्यात, जीपमधल्या सगळ्या माणसांसमोर, एक नाकपुडी दाबली, मग दुसरी. ती बसली. पहिला तास तिला मिळाला. मला आनंद झाला, आणि खरं सांगतो, तेवढ्यातही कुठेतरी टोचलं. प्रश्न गुरुजींचा होता.

त्यानंतर दर शनिवारी कॅन मी भरून द्यायला लागलो. आमच्या चुलीवर उकळलेलं, फडक्यातून गाळलेलं. गुरुजी दुपारी दारात यायचे, चहा घ्यायचे, कॅन मोटारसायकलला बांधायचे. कधी मी, कधी मनीषा भरायची. तरी माझी खोड जिरली असं समजू नका. त्यांच्या वहीत 'सलग शंभर रात्री' लिहिलेलं बघितलं तेव्हा मी घरी येऊन माझी मोजली. एकाहत्तर भरली. दोन दिवस मी त्यांच्याशी तुटक बोललो.

असं चार वर्षं चाललं. मग एका एप्रिलमध्ये त्यांना कावीळ झाली आणि ती उतरलीच नाही. नाशिकला नेलं होतं. मशीनचा, झोपेचा काही संबंध नव्हता. शेवटचे भेटलो तेव्हा डोळे पिवळे होते आणि आवाज आणखी बारीक झाला होता. अंगठा नाकापर्यंत गेला नाही, छातीवरच थोडा हलला. मीच विचारलं, "गुरुजी, दोन्ही चालू?" ते म्हणाले, "तुमचं बघा."

त्यांच्या दिवसकार्याला आम्ही सूर्यमाळला गेलो, मी आणि मनीषा, स्कूटरवर. ती तेव्हा नर्सिंगला होती, आदल्या रात्रीची पाळी करून पहाटे एसटीने आली होती. माणसं उठून गेल्यावर म्हातारीने मला आत बोलावलं. कोनाड्यातला कॅन खाली घेतला. वर तेच फडकं. हलवून बघितला तर अर्ध्याहून जास्त भरलेला. ते आजारी पडले त्या शनिवारचा.

"मोखाड्याचा हाय," ती म्हणाली. "त्याच्या नाकाचा. कुनाला हात लावू दिला नाय."

बाहेर रिकामे हंडे एकात एक घालून ठेवले होते. त्या घरात, त्या महिन्यात, म्हातारीने एवढं पाणी कोनाड्यात ठेवून दिलं होतं. मी म्हणालो, "आई, उकळलेलं आहे. ओतून घ्या घरात, चालतं." तिने मान हलवली आणि कॅन माझ्या हातात दिला. "तुझा तू ने. तुला लागंल."

कॅन मी स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवला. घाटात उतार लागला तसं ते पाणी डचमळायला लागलं. जिथे आम्ही पूर्वी गवतात गेलो होतो ते वळण जव्हारच्या बाजूला, इथून लांब. तरी प्रत्येक उताराला मला तेच आठवतं. मी मागे काहीतरी बोललो. उत्तर आलं नाही. मग माझ्या खांद्यावर तिची हनुवटी टेकली, टाक्याची खूण असलेली, आणि तिचा श्वास मानेला लागायला लागला. रात्रपाळीची दमलेली पोर गाढ झोपली होती. माझ्या मागे, घाटात, तोंड उघडं टाकून.

त्या झोपेचा मला हेवा वाटला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. वाटला. मी स्कूटर दुसऱ्या गिअरमध्ये घेतली, डाव्या हाताने तिचा हात माझ्या पोटाशी धरून ठेवला आणि मोखाड्यापर्यंत तशीच चालवली.